जनुक-शमन उपचार आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग : प्रश्न पोहोचविण्याचा

चेन्नईतील एग्मोर हा भाग बाहेरून येणाऱ्याला ठाऊक असतो तो तेथील रेल्वे स्थानकामुळे आणि पँथिऑन रस्त्यावरील शासकीय वस्तुसंग्रहालयामुळे. आरोग्याच्या अर्थकारणाचा अभ्यास करणाऱ्याला मात्र या भागातील दोन संस्था अधिक महत्त्वाच्या वाटतील. १८४४ साली प्रसूतिगृह म्हणून सुरू झालेले आणि आज प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्र संस्था या नावाने चालणारे स्त्रियांचे सरकारी रुग्णालय ही त्यांपैकी एक. दुसरी म्हणजे पँथिऑन रस्त्यावरीलच तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ. राज्यातील सरकारी दवाखान्यांसाठी लागणाऱ्या औषधांची खरेदी या महामंडळामार्फत होते. एका ठिकाणी आजारी स्त्री येते, दुसऱ्या ठिकाणी तिच्या औषधाचा भाव ठरतो. कर्करोगाचे आण्विक संशोधन आणि जनुकांचे शमन करणारे उपचार हा आजच्या व्याख्यानाचा विषय प्रयोगशाळेतील असला, तरी त्याचा विचार या दोन संस्थांना डोळ्यांसमोर ठेवून करावयाचा आहे.

एग्मोरचा आणि भारतातील कर्करोग-सेवेचा संबंध जुना आहे. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी या मद्रासच्या शासकीय प्रसूती व नेत्र रुग्णालयातील पहिल्या महिला हाउस सर्जन. १९२३ मध्ये त्यांची बहीण कर्करोगाने गेली. त्यानंतर तीन दशके चिकाटीने प्रयत्न करून त्यांनी १९५४ मध्ये अड्यार येथे अवघ्या १२ खाटांची कर्करोग संस्था उभी केली. त्याच सुमारास डॉ. व्ही. शांता यांची लोकसेवा आयोगामार्फत स्त्रिया व मुलांच्या सरकारी रुग्णालयात नियुक्ती झाली होती. ती सुरक्षित नोकरी सोडून त्या १९५५ मध्ये अड्यारच्या लहानशा संस्थेत दाखल झाल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये निधन होईपर्यंत तेथेच राहिल्या. स्त्रीरोग विभागात पाहिलेल्या रुग्णांपैकी किती जणी रोग हाताबाहेर गेल्यावर येतात, हे त्या पिढीच्या डॉक्टरांनी रोज अनुभवले होते. तो अनुभव आजही पुरता इतिहासजमा झालेला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या.

हाच कर्करोग जनुक-शमनाच्या दृष्टीने सर्वाधिक सोयीचा मानला जातो, हा विरोधाभास समजून घेण्याजोगा आहे.

मूळ दप्तर आणि उतारा

पेशीतील जनुक म्हणजे प्रथिन कसे बनवावे याची नोंद. ही नोंद केंद्रकातील डीएनएमध्ये सुरक्षित असते. प्रथिन बनविण्याचे काम केंद्रकाबाहेर चालते आणि तेथे मूळ नोंद कधीच जात नाही. जाते ती तिची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए. जमिनीचे मूळ दप्तर तलाठ्याकडे राहते आणि खातेदाराच्या हाती सातबाराचा उतारा पडतो, तशी ही व्यवस्था आहे. व्यवहार होतात ते उताऱ्यावर. दप्तराला हात न लावता उतारेच फाडून टाकले तर व्यवहार थांबतील, हे जनुक-शमनाचे तत्त्व होय. मूळ दप्तर शाबूत राहत असल्यामुळे नवे उतारे निघतच राहतात. म्हणून हा उपचार ठरावीक काळाने पुन्हा द्यावा लागतो. तो कायमचा बदल करीत नाही, ही त्याची मर्यादा खरी. सुरक्षिततेच्या दृष्टीने ती जमेची बाजूही आहे.

पेशी स्वतःच असे उतारे फाडते, हे लक्षात आले ते योगायोगाने. १९९० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग गडद व्हावा म्हणून रंगाच्या जनुकाची जादा प्रत रोपात घातली. काही फुले गडद होण्याऐवजी पांढरी निघाली. आठ वर्षांनी, १९९८ मध्ये, अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीवर प्रयोग करून याचे कारण दाखवून दिले : दुहेरी धाग्याचा आरएनए पेशीत शिरला की त्याच्याशी जुळणारा संदेश नष्ट केला जातो. या शोधाला २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान २००१ मध्ये जर्मनीत थॉमस टुशल यांच्या गटाने सुमारे २१ अक्षरांचे आखूड दुहेरी तुकडे वापरून हेच शमन मानवी पेशींत करून दाखविले. या तुकड्यांना लघु हस्तक्षेपी आरएनए म्हणतात. पेशीतील एक प्रथिन-संकुल त्यातील एक धागा मार्गदर्शक म्हणून धरून ठेवते आणि त्याच्याशी जुळणारा संदेश सापडला की तो कापते. कोणते जनुक गप्प करावयाचे हे ठरले की केवळ अक्षरांचा क्रम बदलावा लागतो. औषधनिर्मितीच्या इतिहासात इतकी लवचीक कल्पना क्वचितच आली असेल.

कर्करोगात अडचण अशी की रोगाला कारण होणारी जनुके बहुतेक वेळा आपलीच, थोडीशी बिघडलेली असतात. त्यांना गप्प करताना निरोगी पेशींतील त्यांची चांगली भावंडेही गप्प होण्याचा धोका राहतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ही अडचण नाही. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये या कर्करोगाच्या पेशींतून मानवी पॅपिलोमा विषाणूचे १६ व १८ हे प्रकार वेगळे केले. जगातील सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख कर्करोगांमागे हे दोनच प्रकार आहेत. त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूची ई-६ आणि ई-७ ही दोन जनुके पेशीच्या दोन पहारेकऱ्यांना निकामी करतात : ई-६ हे पी-५३ या प्रथिनाचा नाश घडविते, तर ई-७ हे आरबी या प्रथिनाला बांधून ठेवते. पहारा उठला की पेशी बेबंद वाढू लागते. महत्त्वाची गोष्ट अशी की ही दोन्ही जनुके परकी आहेत. निरोगी पेशीत ती नसतातच. त्यामुळे ती गप्प केल्याने निरोगी पेशीचे काही बिघडण्याचे कारण नाही.

२००२ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठात जो मिल्नर आणि मिंग जियांग यांनी नेमके हेच केले. प्रयोगशाळेत वाढविलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्कपेशींत ई-६ गप्प करताच पी-५३ पुन्हा साठू लागले आणि वाढ मंदावली. ई-७ गप्प केल्यावर पेशी मरू लागल्या. पहारेकरी मेलेले नव्हते, त्यांचे हात बांधलेले होते, एवढेच. मानवी पेशींत शमन शक्य आहे हे कळून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. पुढील चार-पाच वर्षांत हे औषध बाजारात येईल असे अनेकांना वाटले, यात नवल नाही.

बशीपासून गाठीपर्यंत

ते औषध अद्याप आलेले नाही. कोणत्याही कर्करोगावर लघु हस्तक्षेपी आरएनएचे मान्यताप्राप्त औषध आजवर उपलब्ध झालेले नाही. याचे कारण जनुक चुकीचे निवडले गेले, असे नव्हे. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत पेशी हाताशी असतात; शरीरात त्या नसतात. रक्तात सोडलेला उघडा आरएनए तेथील विकरे काही मिनिटांत तोडतात, उरलेला मूत्रपिंड गाळून टाकते. त्यातूनही जो गाठीपर्यंत पोहोचेल तो ऋण विद्युत्भारामुळे पेशीच्या आवरणातून आत जात नाही. शिवाय परका आरएनए म्हणजे विषाणू आला, असे समजून प्रतिकारयंत्रणा जागी होते. ती वेगळीच डोकेदुखी.

यावर तोडगा निघाला तो यकृताच्या बाबतीत. मेदाच्या सूक्ष्म कणांत गुंडाळलेला आरएनए रक्तातून आपोआप यकृतात जमा होतो. याच वाहनावर आधारलेले पॅटिसिरॅन हे या वर्गातील पहिले औषध ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावर आहे. पुढे आरएनएला एका विशिष्ट शर्करेचे शेपूट जोडण्याची पद्धत रूढ झाली. यकृताच्या पेशींवर ही शर्करा ओळखणारे ग्राहक असतात आणि ते औषध आत ओढून घेतात. कोलेस्टेरॉल कमी करणारे इन्क्लिसिरॅन हे इंजेक्शन असेच काम करते; सुरुवातीच्या मात्रांनंतर ते वर्षातून दोनदाच घ्यावे लागते. त्याला युरोपात डिसेंबर २०२० मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

थोडक्यात, यकृताचा पत्ता सापडला आहे, कर्कगाठीचा अजून सापडावयाचा आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील मार्क डेव्हिस यांच्या गटाने त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांना नॅनोकणांतून हा आरएनए शिरेवाटे दिला आणि गाठीत अपेक्षित जागीच संदेश कापला गेल्याचा पुरावा मिळविला. पुरावा मिळाला, औषध झाले नाही. गर्भाशयमुखाची गोष्ट थोडी निराळी आहे. हा अवयव बाहेरून हाताळता येतो. औषध थेट लावता येण्याची शक्यता आहे. २००६ मध्ये उंदरांवरील एका प्रयोगात योनिमार्गात लावलेल्या लघु आरएनएने नागिणीच्या जातीच्या विषाणूपासून संरक्षण मिळाल्याचे दिसले होते. कर्कपूर्व अवस्थेतील बदलांसाठी हा मार्ग आशादायक आहे. खोलवर पसरलेल्या रोगाला तो पुरणार नाही.

भाव कोण ठरवतो

या संशोधनाची आर्थिक बाजू तितकीच बोधप्रद आहे. २००६ मध्ये, नोबेल जाहीर झाले त्याच महिन्यात, मर्क कंपनीने सर्ना ही या तंत्राची लहान कंपनी १.१ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार केला. २०१० मध्ये रोश कंपनीने या क्षेत्रातून अंग काढून घेतले. २०१४ मध्ये मर्कने तीच सर्ना सुमारे १७.५ कोटी डॉलर किमतीला अल्नायलॅमकडे सोपविली. आठ वर्षांत किंमत सहाव्या हिश्शावर आली. मूलभूत विज्ञान त्या काळात एक पाऊलही मागे गेले नव्हते. मागे गेली होती ती भांडवलाची सहनशक्ती. आणि ज्यांनी टिकून राहून औषध काढले त्यांनी त्याचा भावही तसाच लावला. पॅटिसिरॅनची अमेरिकेतील घोषित सरासरी किंमत वर्षाला साडेचार लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने तीन कोटी रुपयांहून अधिक होती. दुर्मीळ आजाराच्या थोड्या रुग्णांवर एवढा भाव लावणे श्रीमंत देशात चालून गेले. वर्षाला सव्वा लाख नवे रुग्ण असलेल्या आजाराला, तेही प्रामुख्याने गरीब स्त्रियांच्या आजाराला, हे गणित लागू होत नाही.

अशा प्रसंगी देशाने काय करावे, याचे उत्तर शोधताना चेन्नईचीच आठवण होते. रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब हे आण्विक संशोधनातून आलेले पहिले मोठे लक्ष्यवेधी औषध. त्याच्या बीटा स्फटिकरूपावरील स्वामित्वहक्काचा अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने जानेवारी २००६ मध्ये फेटाळला. त्या अर्जाला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था होती. कायद्याच्या कलम ३ (ड) ला दिलेले आव्हान मद्रास उच्च न्यायालयाने २००७ मध्ये मान्य केले नाही आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणावर अंतिम पडदा टाकला. महिन्याला लाखाच्या वर जाणारा खर्च भारतीय कंपन्यांच्या उत्पादनांमुळे दहा हजारांच्या आसपास राहिला. सोराफेनिब या औषधाच्या बाबतीत मार्च २०१२ मध्ये सक्तीचा परवाना देण्यात आला, तेव्हा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजार रुपयांवरून ८ हजार ८८० रुपयांवर आला. तो परवाना पुढील वर्षी कायम ठेवणारे बौद्धिक संपदा अपील मंडळही तेव्हा चेन्नईतच होते.

आरएनए औषधांच्या बाबतीत हा धडा जसाच्या तसा गिरवता येणार नाही, पण पूर्णपणे निरुपयोगीही ठरणार नाही. प्रतिपिंडासारखी जैविक औषधे जिवंत पेशींत वाढवावी लागतात व त्यांची हुबेहूब नक्कल करणे अवघड असते. लघु आरएनए मात्र रासायनिक पद्धतीने अक्षराला अक्षर जोडून तयार होतो. त्या अर्थाने तो साध्या रासायनिक औषधांच्या जवळचा नातेवाईक आहे आणि रसायन-उद्योगात भारत कच्चा नाही. अक्षरांचा क्रम तर प्रकाशित शास्त्रीय साहित्यात कोणालाही वाचता येतो. किंमत दडलेली आहे ती वाहनात : मेदकणांची घडण, शर्करेची जोडणी, अक्षरांवरील रासायनिक फेरफार. स्वामित्वहक्कांची दाटी तेथेच आहे. म्हणून सार्वजनिक पैशातून होणाऱ्या संशोधनाने भर द्यावयाचा तो वाहनांवर, हा निष्कर्ष अटळ ठरतो. नवे लक्ष्य-जनुक सापडल्याचा शोधनिबंध लिहिणे सोपे व प्रतिष्ठेचे असते, वाहन बनविण्याचे काम कंटाळवाणे व दीर्घकाळचे. आपल्या विद्यापीठांचा ओढा कोठे आहे, हे सांगण्याची गरज नाही.

चाचणी हेही आण्विक संशोधनाचेच फळ

औषधाची वाट पाहत असताना हाती काय आहे? पुष्कळ आहे, आणि त्यातील बराचसा पुरावा मराठी मुलखातून व तामिळनाडूतून आला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गटात विषाणूच्या डीएनएची चाचणी एकदाच करण्यात आली त्यात पुढील आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीची सेवा मिळणाऱ्या, आकाराने किंचित लहान गटात ६४. पुढच्या अवस्थेतील रोग पहिल्या गटात ३९ जणींत, दुसऱ्यात ८२ जणींत आढळला. तुलनेच्या गटाला चाचणी न देण्यावर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते गंभीर होते. निष्कर्षाचे वजन मात्र त्यामुळे कमी होत नाही : आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

असिटिक आम्ल, म्हणजे सौम्य व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासण्याच्या पद्धतीचे निकाल संमिश्र आहेत. तामिळनाडूच्या दिंडिगुल जिल्ह्यात परिचारिकांनी ती वापरली तेव्हा मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. मुंबईच्या वस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ती दर दोन वर्षांनी केली, तेव्हा ३१ टक्क्यांनी. उस्मानाबादेत मात्र याच पद्धतीच्या एका फेरीने लक्षणीय घट दिसली नाही. डोळ्यांवर विसंबलेली चाचणी करणाऱ्याच्या सरावावर अवलंबून राहते. डीएनएच्या चाचणीत ही तफावत कमी होते. विषाणूचा जो अक्षरक्रम औषधासाठी लक्ष्य मानला जातो, त्याच जातीची ओळख ही चाचणी पटवते. आण्विक संशोधनाचे पहिले फळ गोळीच्या किंवा इंजेक्शनच्या रूपातच आले पाहिजे, असे कोठे आहे? गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र क्षयरोगाच्या निदानासाठी ग्रामीण आरोग्य केंद्रांत पोहोचलेले आहे आणि या विषाणूची चाचणी त्याच यंत्रावर करता येते.

लसीच्या बाबतीतही असाच एक अनपेक्षित लाभ झाला. २००९ मध्ये बार्शी, पुणे आणि तामिळनाडूतील अंबिलिक्कै यांसह काही केंद्रांवर दोन व तीन मात्रांची तुलना करणारा अभ्यास सुरू झाला. २०१० मध्ये सरकारच्या आदेशाने देशातील अशा सर्व चाचण्यांतील लसीकरण थांबले आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात एका मात्रेने १६ व १८ या प्रकारांच्या दीर्घकालीन संसर्गापासून ९५ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळाल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यात या भारतीय आकड्यांचा वाटा आहे. एका मात्रेमुळे लसीकरणाचा खर्च किती उतरतो हे सांगावयास अर्थतज्ज्ञ नको. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लसीला त्याच वर्षी परवानगी मिळाली.

ज्या स्त्रीला रोग आजच जडलेला आहे, तिला लसीचा उपयोग नाही, चाचणीचाही नाही. तिच्यासाठीही उत्तर नेहमी नव्या औषधातच असते असे नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिसऱ्या अवस्थेतील ८५० रुग्णांपैकी निम्म्यांना किरणोपचारासोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन देण्यात आले. पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेले. सिस्प्लॅटिनवरील स्वामित्वहक्क केव्हाच संपले आहेत आणि ते स्वस्त आहे. तरीही १०० पैकी ४६ स्त्रिया गेल्याच. जनुक-शमनाच्या संशोधनावर खर्च का करावयाचा, असे विचारणाऱ्याला या ४६ जणींकडे बोट दाखवावे लागेल.

पासबुक आणि पुरवठा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची चाचणी कधी ना कधी झालेल्यांचे प्रमाण देशात अवघे १.९ टक्के होते. तामिळनाडूत ते ९.८ टक्के होते. पाचपट, पण तरीही दहांत एक नाही. तामिळनाडूने २००७ पासून तेनी आणि तंजावर या दोन जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात ही तपासणी सुरू केली व नंतर ती राज्यभर नेली. सरफोजी राजांच्या काळात ज्या तंजावरात नेत्ररुग्णांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या जात, तेथे हा प्रयोग व्हावा, हा मराठी वाचकाला सुखावणारा योगायोग. महाराष्ट्राने उस्मानाबाद, बार्शी व मुंबईत पुरावा निर्माण केला. तो नियमित सेवेत उतरविण्यात तामिळनाडू पुढे राहिले. याचे एक कारण एग्मोरच्या त्या दुसऱ्या संस्थेत सापडते.

तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले. त्याची पद्धत वरकरणी रुक्ष आहे. अत्यावश्यक औषधांची मर्यादित यादी, साऱ्या राज्याची मागणी एकत्र करून काढलेली निविदा, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे, प्रत्येक खेपेचे नमुने प्रयोगशाळेत तपासल्यावरच वितरण, आणि प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक. पासबुकात त्या रुग्णालयाच्या वाट्याची रक्कम लिहिलेली असते. जितका माल उचलला तितकी ती कमी होते. गोळ्यांच्या पट्टीवर सरकारी मालाची खूण छापलेली असते, म्हणजे ती बाजारात विकली जाऊ नये. केरळने २००७-०८ मध्ये व राजस्थानने २०११ मध्ये असेच महामंडळ काढले. महाराष्ट्रात २०१७ पासून हे काम हाफकिनकडे सोपविले गेले होते आणि पुढे २०२३ च्या कायद्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापण्यात आले.

उद्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर जनुक-शमन करणारे औषध सिद्ध झाले, तर त्याची वाटाघाट अशाच एखाद्या कार्यालयातील टेबलावर होईल. साऱ्या राज्याची, किंवा अनेक राज्यांची मिळून, मागणी एका कागदावर असेल तर विक्रेत्याला भाव उतरविणे भाग पडते. जिल्हावार तुटक खरेदीत ते होत नाही. पण मागणी कागदावर आणावयाची तर कोणत्या स्त्रीला रोगाची कोणती अवस्था आहे व तिच्यात विषाणूचा कोणता प्रकार आहे, याची नोंद हवी. १६ व्या प्रकारासाठी घडविलेला आरएनए १८ व्या प्रकारावर चालणार नाही, कारण अक्षरे जुळणार नाहीत. ही नोंद औषध आल्यानंतर गोळा करता येत नाही. ती तपासणीच्या कार्यक्रमातूनच तयार होते, आणि दोन टक्के स्त्रियांच्या तपासणीतून ती तयार होणार नाही.

महाराष्ट्राच्या नव्या प्राधिकरणापुढे या दृष्टीने एक लहानसे, आजच करता येण्याजोगे काम आहे. विषाणूच्या चाचणीच्या चिप, नमुना घेण्याचे साहित्य आणि कर्कपूर्व पेशी उष्णतेने नष्ट करण्याचे हातात मावणारे उपकरण या तीन वस्तूंची खरेदी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या योजनांतून झाली, तर चिप येतात तेव्हा उपकरण नसते आणि उपकरण येते तेव्हा चिपची मुदत संपलेली असते. तपासणीत दोष आढळलेली स्त्री 'पुन्हा या' असे ऐकून घरी जाते, आणि मजुरी बुडवून दुसऱ्यांदा येणे तिला बहुधा जमत नाही. या तिन्ही वस्तूंचा वार्षिक अंदाज तालुकानिहाय एकत्र काढून एकाच निविदेत मागविणे, आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला त्याचे स्वतंत्र पासबुक देणे, यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.